ऑशविट्झ-बिर्केनाऊ स्मारक संग्रहालयाला भेट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पोलंडचा बेत ठरला की ऑशविट्झचा विषय निघतोच, आणि त्यामागोमाग प्रश्नही येतात. प्रवेश कसा मिळतो, मुलांना न्यावं का, आईबाबांना झेपेल का, आणि मुळात सहलीला निघालेल्या माणसानं अशा ठिकाणी जावं तरी का? नातेवाईक आणि ओळखीपाळखीचे लोक जे पुन्हापुन्हा विचारतात, त्याची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. काही उत्तरं दोन ओळींत संपतात, काही लांबली आहेत.

हे ठिकाण नेमकं काय आहे?

दुसऱ्या महायुद्धात नाझी जर्मनीनं व्यापलेल्या पोलंडमध्ये छावण्यांचा एक मोठा समूह उभा केला होता. ऑशविट्झ हे त्याचं जर्मन नाव. गावाचं पोलिश नाव ओश्वेंचिम. १४ जून १९४० रोजी तार्नूव शहरातून ७२८ पोलिश राजकीय कैदी इथे आणले गेले आणि छावणी सुरू झाली. १९४१ च्या ऑक्टोबरात तीन किलोमीटरवरच्या ब्झेझिंका गावात दुसरी, कितीतरी पट मोठी छावणी बांधायला घेतली. तीच बिर्केनाऊ. १९४२ पासून युरोपभरातल्या ज्यूंना आगगाडीनं इथे आणून मारण्यात आलं.

या छावण्यांत सुमारे १३ लाख माणसं आणली गेली, त्यांतली सुमारे ११ लाख मेली. त्यांपैकी जवळपास १० लाख ज्यू होते. बाकीच्यांत ७० हजारांवर पोलिश, सुमारे २१ हजार रोमा (युरोपातला भटका समाज) आणि १४ हजारांच्या आसपास सोव्हिएत युद्धकैदी. संपूर्ण युरोपात नाझींनी आणि त्यांच्या साथीदारांनी सुमारे ६० लाख ज्यूंची हत्या केली. म्हणजे दर सहांतला एक इथे मारला गेला.

२७ जानेवारी १९४५ रोजी सोव्हिएत सैन्य पोचलं तेव्हा जेमतेम ७ हजार कैदी मागे उरले होते. चालू शकणाऱ्या ५६ हजारांहून अधिक कैद्यांना त्याआधीच्या काही दिवसांत बर्फातून पश्चिमेकडे पायी हाकलून नेलं होतं. वाटेत मागे पडेल त्याला गोळी घालत. २ जुलै १९४७ रोजी पोलंडच्या संसदेनं कायदा करून इथे संग्रहालय केलं. आज आपण जातो त्या भागात ऑशविट्झ-१ आणि बिर्केनाऊ या दोन छावण्या येतात. मोनोविट्झ ही तिसरी छावणी कृत्रिम रबराच्या कारखान्यासाठी होती, तिचं फारसं काही उरलेलं नाही.

प्रवेश फुकट आहे असं ऐकलं. मग वेबसाइटवर पैसे का मागतात?

स्मारकात शिरायला पैसे लागत नाहीत. पैसे पडतात ते मार्गदर्शकाचे. पण फुकट असलं तरी प्रवेशपत्र आधी काढावंच लागतं, आणि ते संग्रहालयाच्या अधिकृत संकेतस्थळावर, म्हणजे व्हिजिट डॉट ऑशविट्झ डॉट ऑर्ग इथे मिळतं. प्रत्येक पत्रावर नाव असतं. ते पासपोर्टवरल्या नावाशी जुळलं पाहिजे, म्हणून नाव टाकताना वडिलांचं नाव, आडनाव यांचा क्रम पासपोर्टप्रमाणेच ठेवा. उन्हाळ्यात इंग्रजी गटांच्या जागा खूप आधी संपतात. 'तिथे गेल्यावर बघू' हा विचार करू नका.

शोधताना आधी मध्यस्थांच्या जाहिराती दिसतात. ते क्राकोव या जवळच्या मोठ्या शहरातून बस, मार्गदर्शक वगैरे जोडून देतात, त्यात गैर काही नाही. फक्त ते 'प्रवेश तिकीट' म्हणून जे विकतात ते तुम्हाला स्वतः मिळवता येतं, हे माहीत असू द्या.

टूरमध्ये अर्धा दिवस ठेवला आहे. पुरेल का?

माझं स्पष्ट मत : नाही.

संग्रहालय स्वतः किमान साडेतीन तास सांगतं, आणि तेही दोन्ही छावण्या भरभर पाहून. अर्ध्या दिवसाच्या सहलीत होतं असं की ऑशविट्झ-१ मधल्या इमारतींत सगळा वेळ जातो आणि बिर्केनाऊला बस थांबवून फाटकाशी वीस-पंचवीस मिनिटं दिली जातात. पण ज्यूंचा संहार मुख्यतः झाला तो बिर्केनाऊमध्ये. सुमारे १७० हेक्टरची ती जागा आहे. फाटकातून आत चालत जाऊन, रुळांच्या कडेनं टोकापर्यंत, मृतदेह जाळायच्या पडक्या दाहगृहांपर्यंत पोचायलाच वेळ लागतो. ते अंतर पायांखालून गेल्याशिवाय ती छावणी केवढी होती याचा अंदाज येत नाही. फोटोत तर मुळीच येत नाही.

शक्य असेल तर अख्खा दिवस ठेवा. संग्रहालयात सहा तासांचा अभ्यासदौराही असतो. इतिहासात खरोखर रस असेल तर तो घ्या. आणि त्याच दिवशी संध्याकाळी मिठाच्या खाणी किंवा दुसरं काही जोडू नका. अनेक सहली या दोन गोष्टी एकाच दिवसात बसवतात, त्यात दोन्हींचं नुकसान होतं.

मार्गदर्शक घ्यावा की आपलं आपण फिरावं?

पहिल्या भेटीला घ्यावा. मराठी मार्गदर्शक मिळत नाही. आपल्याकडचे बहुतेक जण इंग्रजी गटाबरोबर जातात. कानाला हेडफोन लावायला देतात, त्यामुळे गर्दीतही आवाज नीट पोचतो. गटातल्या कुणाला इंग्रजी नीट समजत नसेल तर आदल्या रात्री बसून त्यांना मराठीतून सगळा घटनाक्रम सांगा. ओळीत उभं राहून कुजबुजत भाषांतर करण्यापेक्षा हे फार चांगलं.

मार्गदर्शकासह फेरी झाल्यावर बिर्केनाऊमध्ये मागे थांबा आणि एकट्यानं फिरा, एवढं मात्र करा.

आत काय पाहायला मिळतं?

ऑशविट्झ-१ मध्ये विटांच्या दुमजली इमारती आहेत, त्यांना 'ब्लॉक' म्हणतात. 'श्रमातून मुक्ती' अशी थाप मारणारी जर्मन पाटी ज्या फाटकावर आहे, ते फाटक इथलंच. २००९ च्या डिसेंबरात मूळ पाटी चोरीला गेली होती. ती सापडली, दुरुस्त झाली आणि आता सुरक्षित ठेवली आहे. फाटकावर दिसते ती तिची प्रतिकृती.

चौथ्या ब्लॉकमध्ये संहाराची यंत्रणा समजावली आहे, आणि तिथेच काचेमागे बायकांचे कापलेले केस आहेत. सुमारे दोन टन. हे केस जर्मन कारखान्यांना कापड आणि नमदा बनवायला विकले जात. पाचव्या ब्लॉकमध्ये वस्तू आहेत. १ लाखाहून अधिक चपलाबूट, त्यांत सुमारे ८ हजार लहान मुलांचे. चष्मे. कृत्रिम हातपाय. ३,८०० च्या आसपास सुटकेसेस, ज्यांवर लोकांनी स्वतःच्या हातानं नाव, गाव, जन्मतारीख लिहिली आहे, कारण 'सामान नंतर परत मिळेल' असं त्यांना सांगितलं होतं.

आणि भांडी. सुमारे १२ हजार भांडी. पातेली, झाकणं, किसण्या, इनॅमलचे टोप. मराठी माणसानं इथे जरा थांबावं असं मला वाटतं. या बायांना सांगितलं होतं की तुम्हाला पूर्वेकडे नेऊन वसवणार आहोत. नवीन गावात चूल मांडायची म्हणून त्यांनी मोजक्या सामानात पातेली बांधून घेतली. माणसाला शेवटपर्यंत कसं फसवलं जात होतं ते या भांड्यांकडे बघून जसं कळतं, तसं आकड्यांनी कळत नाही.

सहाव्या ब्लॉकमध्ये भिंतींवर कैद्यांचे फोटो आहेत, खाली आगमनाची आणि मृत्यूची तारीख. अनेकांच्या बाबतीत दोन्ही तारखांमध्ये काही आठवडेच आहेत. अकरावा ब्लॉक म्हणजे छावणीतला तुरुंग. याच्याच तळघरात १९४१ मध्ये झिक्लॉन-बी या कीटकनाशक वायूनं माणसं मारण्याचा प्रयोग सोव्हिएत युद्धकैद्यांवर आणि आजारी पोलिश कैद्यांवर झाला. दहाव्या आणि अकराव्या ब्लॉकच्या मधल्या अंगणात गोळ्या घालण्याची भिंत आहे, तिथे लोक फुलं आणि मेणबत्त्या ठेवतात.

सत्ताविसावा ब्लॉक अनेक गट टाळतात. तो टाळू नका. इस्रायलच्या याद वाशेम या संस्थेनं २०१३ मध्ये तिथलं प्रदर्शन उभारलं. त्यात युद्धाआधीच्या ज्यू कुटुंबांच्या चित्रफिती दिसतात, म्हणजे लग्नं, पोहणं, शाळा, सण. शेवटी एक प्रचंड मोठा नामग्रंथ आहे, त्यात संहारात बळी गेलेल्या सुमारे ४२ लाख ज्यूंची नावं छापली आहेत. पानं माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर टांगलेली आहेत. लोक आपलं आडनाव शोधतात, मित्राचं शोधतात.

बिर्केनाऊमध्ये दाखवायला वस्तू फार कमी आहेत. फाटकाची इमारत, थेट आत शिरणारे रूळ, फलाट, लाकडी आणि विटांचे बरॅक, आणि युद्धानंतर मोडून नेलेल्या शेकडो लाकडी बरॅकच्या नुसत्या उभ्या चिमण्या. १९४४ च्या मे ते जुलैमध्ये हंगेरीहून सुमारे ४ लाख ३० हजार ज्यू आणले गेले, ते या फलाटावर उतरले. फलाटावर डॉक्टर उभा असे, तो बोटानं डावीकडे-उजवीकडे दाखवी. म्हातारे, लहान मुलं, कडेवर मूल असलेल्या आया सरळ वायुगृहाकडे, म्हणजे विषारी वायूनं मारायच्या खोल्यांकडे. सुमारे ११ लाख ज्यू इथे आणले गेले, त्यांतल्या फक्त २ लाखांच्या आसपास लोकांची कैदी म्हणून नोंद झाली. बाकीच्यांना नंबरही मिळाला नाही, बरॅकही नाही. उतरल्यापासून काही तासांत ते संपले. म्हणून हातावर नंबर गोंदलेला कैदी हे ऑशविट्झचं प्रातिनिधिक चित्र नव्हे. इथे आलेल्या बहुसंख्य ज्यूंनी ही छावणी पुरती पाहिलीच नाही.

वायुगृह खरं आहे की नंतर बांधलेलं?

दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. ऑशविट्झ-१ मधलं वायुगृह आणि दाहगृह मूळ इमारतीतच आहे, पण युद्धादरम्यान जर्मनांनी तिचा वापर बदलला होता आणि युद्धानंतर काही भाग मूळ सुटे भाग वापरून पुन्हा उभारले गेले. संग्रहालय हे उघडपणे सांगतं. बिर्केनाऊमधली मोठी दाहगृहं छावणी चालवणाऱ्या एसएस या नाझी दलानं पळून जाण्यापूर्वी सुरुंग लावून उडवली, पुरावा नष्ट करायला. ते अवशेष पडले होते तसेच ठेवले आहेत.

'हे सगळं घडलंच नाही' असं म्हणणारे लोक पहिल्या गोष्टीचा आधार घेतात, म्हणून हा प्रश्न महत्त्वाचा. पुरावा एका इमारतीवर अवलंबून नाही. छावणीचा प्रमुख रुडॉल्फ हेस यानं स्वतः सविस्तर कबुली दिली. १६ एप्रिल १९४७ रोजी त्याला इथेच, त्या दाहगृहाशेजारी फाशी दिलं. बांधकामाचे आराखडे आहेत. मृतदेह जाळण्याच्या कामाला जुंपलेल्या ज्यू कैद्यांनी, ज्यांना 'झोंडरकोमांडो' म्हणत, लिहून राखेजवळ पुरलेली हस्तलिखितं युद्धानंतर जमिनीतून सापडली. त्याच कैद्यांनी १९४४ च्या उन्हाळ्यात जिवावर उदार होऊन चोरून काढलेली चार छायाचित्रं छावणीबाहेर पोचवली होती. बिर्केनाऊमध्ये त्यांतली काही मोठी करून त्या जागीच लावली आहेत.

मुलांना न्यावं का?

१४ वर्षांखालच्या मुलांना आणू नये असा संग्रहालयाचा सल्ला आहे. बंदी नाही. मी तो सल्ला पाळा असंच म्हणेन. आठ-दहा वर्षांच्या मुलाला काय दिसतं? केसांचा ढीग दिसतो, आणि त्याच्यामागचा अर्थ लावायला लागणारी समज त्याच्याजवळ नसते. नुसती भीती राहते.

नववी-दहावीच्या पुढच्या मुलांना जरूर न्या, पण तयारीनं. शाळेच्या पुस्तकात दुसरं महायुद्ध येतं, त्यातली दोन-चार वाक्यं इथे कामाची नाहीत. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर कसा आला, १९३५ च्या कायद्यांनी ज्यूंचं नागरिकत्व कसं काढून घेतलं, १९३८ च्या नोव्हेंबरात एका रात्रीत सिनागॉग (ज्यूंची प्रार्थनास्थळं) कसे जाळले, मग पोलंडमध्ये ज्यूंना कोंडायचे गेट्टो कसे उभे राहिले, एवढा क्रम मुलाला ठाऊक असेल तर त्याला कळेल की सुरुवात वायुगृहापासून झालेली नव्हती. सुरुवात शाळेतून नाव काढण्यापासून आणि दुकानावर खूण करण्यापासून झाली होती.

आईबाबा सत्तरीचे आहेत. झेपेल का?

चालणं पुष्कळ आहे. ऑशविट्झ-१ मध्ये झिजलेल्या दगडी पायऱ्या आणि ओबडधोबड फरसबंदी आहे. बिर्केनाऊमध्ये खडीचे रस्ते आणि सावली जवळजवळ नाही. गुडघ्यांचा त्रास असेल तर इमारतींचे वरचे मजले सोडून द्या. दोन छावण्यांमध्ये फुकट बस धावते. हिवाळ्यात वारा फार बोचरा असतो आणि संग्रहालय लवकर बंद होतं. ज्येष्ठांसाठी मे किंवा सप्टेंबर बरा.

घरचे म्हणतात, अशा जागी जाऊ नये, अशुभ असतं. काय सांगावं?

हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नये. ही स्मशानभूमी आहे, फक्त कबरी नसलेली. बिर्केनाऊमधल्या एका डबक्यात माणसांची राख टाकली गेली, आणि तिथे आजही अनेक भाषांतल्या दगडी पाट्या आहेत. त्यामुळे घरातल्या मोठ्यांना जे वाटतं ते चुकीच्या जागेबद्दल वाटत नाहीये.

पण ज्यांचं दहावं-तेरावं करायला घरातलं कुणी मागे उरलंच नाही, त्यांच्यासमोर एक अनोळखी माणूस हात जोडून उभा राहिला तर त्यात अशुभ काय? ज्यू रिवाजात कबरीवर फुलांऐवजी छोटा दगड ठेवतात, आणि स्मशानातून बाहेर पडताना हात धुतात. आपल्याकडे घरी येऊन अंघोळ करतात. तुमच्या घरी तशी पद्धत असेल तर खुशाल करा. श्रद्धेनं जे करायचं ते करा, आणि जाऊन या.

एक गोष्ट मात्र अजिबात नको : तिथला दगड, विटेचा तुकडा, गंजलेलं काहीही आठवण म्हणून उचलू नका. असं केल्याबद्दल पर्यटकांवर गुन्हे दाखल झाले आहेत.

फोटो काढता येतात का?

फ्लॅश आणि ट्रायपॉड न वापरता बहुतेक ठिकाणी येतात. केस ठेवलेल्या दालनात आणि अकराव्या ब्लॉकच्या तळघरात सक्त मनाई आहे. रुळांवर तोल सांभाळत चालतानाचे फोटो लोक टाकू लागले, तेव्हा २०१९ मध्ये संग्रहालयाला जाहीर विनंती करावी लागली की असं करू नका. फाटकासमोर ओळीनं उभं राहून हसरा ग्रुप फोटो, रील, डान्स, यातलं काहीही नको. जागेचा फोटो घ्या. स्वतःला त्यातून वगळा.

गळ्यात स्वस्तिकाचं लॉकेट आहे. अडचण येईल?

लॉकेट हॉटेलच्या खोलीत ठेवून जा. हातावर गोंदलेलं असेल तर पूर्ण बाहीचा शर्ट घाला. आपलं स्वस्तिक दारावर, गणपतीपुढे, वहीच्या पहिल्या पानावर असतं, आणि त्याचा नाझींच्या चिन्हाशी काही संबंध नाही, हे आपल्याला माहीत आहे. पण त्या अंगणात शेजारी उभ्या असलेल्या बाईची आजी त्या चिन्हाखाली मारली गेली असू शकते. तिला आपल्या धर्माचा इतिहास समजावून सांगण्याची ती जागा नव्हे. शिवाय पोलंडमध्ये नाझी विचारांचा जाहीर प्रचार हा गुन्हा आहे, आणि तिथल्या सुरक्षारक्षकाला फरक चटकन कळेल याची खात्री नाही.

हे पोलंडनं केलं का?

नाही. छावणी जर्मन नाझींची. पोलंडची जमीन तेव्हा जर्मनीच्या ताब्यात होती, आणि हा भाग तर थेट जर्मनीला जोडून टाकला होता. रेल्वेचे फाटे इथे एकत्र येतात म्हणून ही जागा सोयीची ठरली. जागतिक वारसा यादीत हे ठिकाण १९७९ मध्ये आलं, आणि २००७ मध्ये त्याच्या अधिकृत नावात 'जर्मन नाझी' हे शब्द मुद्दाम घातले गेले. तिथे बोलताना 'पोलिश छावणी' म्हणू नका, लोक दुखावतात.

पोलंडमध्ये युद्धाआधी ३३ लाखांच्या आसपास ज्यू होते, त्यांतले सुमारे नव्वद टक्के मारले गेले. शेजाऱ्यांपैकी काहींनी जीव धोक्यात घालून त्यांना लपवलं, काहींनी पकडून दिलं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

एवढे लोक होते, त्यांनी प्रतिकार का नाही केला?

हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक जण विचारतो. मला तो अन्यायाचा वाटतो. गाडीतून उतरलेल्या, दोन-चार दिवस पाण्याविना कोंडलेल्या, मुलं कडेवर असलेल्या माणसाला पुढे काय आहे हेच ठाऊक नव्हतं. 'आधी अंघोळ, मग जेवण' असं सांगितलं जाई.

आणि ज्यांना कळलं त्यांनी प्रतिकार केला. ७ ऑक्टोबर १९४४ रोजी झोंडरकोमांडोंनी बंड करून एका दाहगृहाला आग लावली. त्यासाठी लागणारी स्फोटक दारू शस्त्रकारखान्यात राबणाऱ्या ज्यू मुलींनी चिमूटचिमूट चोरून पोचवली होती. रोझा रोबोटा आणि तिच्या तीन साथीदारांना छळ करून जानेवारी १९४५ मध्ये फाशी दिलं, सोव्हिएत सैन्य येण्याच्या तीनच आठवडे आधी. एप्रिल १९४४ मध्ये रुडॉल्फ व्र्‌बा आणि आल्फ्रेड वेत्झ्लर हे दोन स्लोव्हाक ज्यू पळून गेले आणि त्यांनी छावणीचा सविस्तर अहवाल जगापुढे ठेवला. विचारायचंच असेल तर हा प्रश्न विचारा की तो अहवाल वाचलेल्यांनी काय केलं.

आपल्याकडे काही जण म्हणतात, 'हिटलर क्रूर होता, पण शिस्तीचा होता.' त्यांना काय दाखवावं?

त्यांनाच घेऊन जा. हिटलरचं आत्मचरित्र आपल्याकडे फुटपाथवर आणि स्टेशनवर सहज मिळतं, त्याच्या नावानं दुकानं निघाली आहेत, आणि 'देशाला असा एक माणूस पाहिजे' हे वाक्य चांगल्या शिकल्यासवरल्या घरांत ऐकू येतं. मला याचा मनापासून त्रास होतो.

शिस्त म्हणाल तर तिचा नमुना ऑशविट्झमध्येच आहे. मृत्यूच्या गाड्या वेळापत्रकानुसार धावत. जर्मन रेल्वे एसएसकडून माणशी तिसऱ्या वर्गाचं भाडं आकारत असे, दहा वर्षांखालच्या मुलांना अर्धं, चार वर्षांखालच्यांना माफ. परतीचं भाडं फक्त पहारेकऱ्यांचं. केसांचं वजन होई, सोन्याच्या दातांची नोंद होई, जोडे मापाप्रमाणे वेगळे केले जात. कारकून, अभियंते, डॉक्टर, सगळे आपलं काम चोख करत होते. शिस्त वेगळी आणि क्रौर्य वेगळं असं इथे दाखवताच येत नाही.

भारताशी, महाराष्ट्राशी याचा काही संबंध आहे?

थेट नाही, पण जवळून गेलेले धागे आहेत.

आपल्या कोकणात बेने इस्रायली पिढ्यान्‌पिढ्या राहिले. अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्याला आपल्या पूर्वजांचं जहाज फुटलं असं ते सांगतात. तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून त्यांना शनवार तेली म्हणत. मराठी बोलणाऱ्या या ज्यूंना इथे धर्मासाठी छळ सोसावा लागला नाही. हिटलरच्या काळात जर्मनी, ऑस्ट्रिया, चेकोस्लोव्हाकियातून पळालेले काही ज्यू मुंबईला आले. आकाशवाणीची ओळखधून ज्यांनी बांधली ते वॉल्टर काउफमान त्यांतलेच, १९३४ मध्ये आलेले.

कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला १९४३ ते १९४८ या काळात सुमारे ५ हजार पोलिश निर्वासित राहिले, हे पुष्कळांना माहीत असतं, आणि मग 'ते ऑशविट्झमधून सुटलेले ना?' असं विचारलं जातं. नाही. त्यांना सोव्हिएत राजवटीनं पूर्व पोलंडमधून सैबेरिया आणि मध्य आशियात हद्दपार केलं होतं. त्यांत बायका-मुलंच अधिक होती आणि बहुतेक जण कॅथलिक होते. दुःखाची सरमिसळ करू नये. पण पोलंडमध्ये कुणाशी बोलणं झालं तर कोल्हापूरचं नाव जरूर घ्या. वॉर्सात वळिवड्याचं स्मारकही आहे.

आणि रोमा. त्यांचे पूर्वज हजारएक वर्षांपूर्वी वायव्य भारतातून निघाले. बिर्केनाऊमध्ये त्यांची स्वतंत्र कुटुंबछावणी होती. २ ऑगस्ट १९४४ च्या रात्री तिथे उरलेल्या ४ हजारांहून अधिक जणांना, बहुतांश बायका, मुलं आणि म्हाताऱ्यांना, वायुगृहात मारलं. तेराव्या ब्लॉकमध्ये त्यांचं प्रदर्शन आहे. भारतीय पाहुण्यांनी ते न पाहता परत येऊ नये.

पिशवी, कपडे, खाणं?

पिशवी ३५ × २५ × १५ सेंटिमीटरपेक्षा मोठी चालत नाही. सॅक क्राकोवलाच ठेवा. कपडे साधे, अंगभर, पायात चालायचे बूट. स्मारकाच्या आवारात खाणं आणि सिगारेट नाही. शाकाहारी असाल तर क्राकोवहून पोटभर नाश्ता करून निघा आणि डबा आवाराबाहेर खा. १ जानेवारी, २५ डिसेंबर आणि ईस्टरच्या रविवारी बंद.

क्राकोवहून कसं जायचं?

अंतर सुमारे ६५ ते ७० किलोमीटर. मुख्य बसस्थानकावरून सुटणाऱ्या बस संग्रहालयाजवळ सोडतात, साधारण दीड तास लागतो. रेल्वेही आहे, पण ओश्वेंचिम स्टेशनवरून पुढे चालावं लागतं किंवा गावातली बस घ्यावी लागते. सुरक्षा तपासणीला रांग असते, म्हणून पत्रावरच्या वेळेच्या अर्धा तास आधी पोचा.

तिथे जाऊन मला काहीच वाटलं नाही तर?

अनेकांना वाटत नाही, आणि मग ते स्वतःलाच दोष देतात. गर्दी असते, गट पुढे सरकत असतो, कानात आवाज चालू असतो. ११ लाख हा आकडा कुणाच्याही मनात मावत नाही. रडू आलं पाहिजे असा नियम नाही.

एक करून बघा. एक सुटकेस निवडा, त्यावरचं नाव आणि जन्मसाल वहीत लिहून घ्या. किंवा बिर्केनाऊच्या 'सौना' नावाच्या इमारतीत जा. बहुतेक गट तिथवर पोचत नाहीत. छावणीत आलेल्यांच्या सामानात सापडलेले सुमारे २,४०० घरगुती फोटो तिथे आहेत, त्यांतले पुष्कळसे बेंजिन आणि सोस्नोविएत्स भागातल्या ज्यू कुटुंबांचे. बारसं, सायकल, समुद्रावरची सहल, नवी नवरी. त्यातलं एक कुटुंब नीट पाहा. नंतर महिन्यानं कधीतरी तो चेहरा आठवेल.

त्याच दिवशी गावात आणखी काही पाहावं का?

हो, आणि हे मी आवर्जून सांगते. पर्यटकांच्या बस छावणीहून परस्पर क्राकोवला वळतात आणि ओश्वेंचिम गाव राहून जातं. युद्धाआधी या गावातले निम्म्याहून अधिक रहिवासी ज्यू होते. ते यिडिश भाषेत गावाला 'ओश्पित्झिन' म्हणत. त्यांची दुकानं होती, मद्याचे कारखाने होते, सिनागॉग होते. गावातलं एक सिनागॉग वाचलं. ते दुरुस्त करून २००० मध्ये पुन्हा उघडलं, आणि त्याला लागूनच गावातल्या ज्यूंच्या आयुष्याचं छोटं संग्रहालय आहे. गावात परतून राहिलेले शेवटचे ज्यू शिमोन क्लुगर त्याच वर्षी वारले. त्यांचं घर सिनागॉगच्या मागेच होतं.

छावणीत ही माणसं मरताना दिसतात, इथे ती जगताना दिसतात. शाळेचे फोटो, दुकानाच्या पाट्या, सणाची भांडी. पुरुषांना सिनागॉगमध्ये डोकं झाकावं लागतं, रुमालही चालतो. शनिवारी आणि ज्यू सणांना हे संग्रहालय बंद असतं, त्यामुळे ऑशविट्झचं प्रवेशपत्र काढतानाच वार बघून काढा.